मेलेलं आधी दाखवा

१४ मार्च, शनिवार. ऑफिस रिकामं करायचं. दोन खोल्या, एक मोरी, एक पोटमाळा. उद्या संध्याकाळी घरमालकांना किल्ली हवी आहे. कोथरूडच्या या पहिल्या मजल्यावर आमची संस्था बरीच वर्षं भाड्यानं राहिली. निरोपादाखल मालकांनी एकच वाक्य उच्चारलं, "खिळे काढाल तिथली भोकं बुजवून द्या."

सकाळी रद्दीवाला येऊन गेला. दुपारी टेम्पो आला. कपाटं, पंखे, पाणी गाळायचं यंत्र, सगळं खाली गेलं. शेवटी पोटमाळ्यावर चढलेल्या टेम्पोवाल्यानं वरून गमबुटांची जोडी खाली सोडली. काळे, गुडघ्यापर्यंत येणारे, तळव्यांच्या खाचांत वाळलेला चिखल.

"मॅडम, हे टाकायचे ना?"

"राहू द्या."

"वास मारतोय पण."

"मारू द्या."

बूट साळवेबाईंचे. संध्या साळवे आमच्या संस्थेत ओढ्या-नाल्यांचं काम बघायच्या. दिवाळीच्या थोडं आधी त्या हार्टनं गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. बूट ऑफिसातच राहिले, कारण घरी नेले की त्यांची आई ते जिन्याखाली फेकून द्यायची.

टेम्पो गेल्यावर मोकळ्या खोलीत एक टेबल आणि माझा लॅपटॉप एवढंच उरलं. लॅपटॉपवर आमच्या शेवटच्या प्रकल्पाचा शेवटचा अहवाल. सगळा तयार, फक्त 'सद्यःस्थिती' या मथळ्याखालची जागा रिकामी. संध्याकाळी आमचे संचालक लिमये सर यांचा फोन आला.

"मराठेबाई, तेवढं वाक्य घालून टाका. 'प्रकल्प व्यवस्थित सुरू असून स्थानिक लोकांकडे सुपूर्द केला आहे.' उद्या पाठवायचंय."

"साळवेबाईंनी यावर सही केली नव्हती, सर."

"साळवेबाई आता नाहीत. आणि एका वाक्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

संस्थेचं काही बिघडत नाही, हे खरं. ते वाक्य घातलं की परदेशातला फंड फाइल बंद करतो, आणि उद्या दुसऱ्या फंडाकडे अर्ज करताना आमची पाटी स्वच्छ राहते. नाही घातलं, तर 'अपूर्ण' असा शेरा बसतो. पण वाक्य घातलं की हा प्रकल्प ज्यावर चालला तो मांजरी गावचा ओढाही कागदावर कायमचा स्वच्छ होतो. एकदा स्वच्छ झालेल्या ओढ्याकडे परत कुणी बघत नाही, पैसे देणारे नाहीत आणि पालिकाही नाही. त्याच्या खालच्या अंगाला बायका पालेभाजी पिकवतात. ती भाजी मंडईत येते आणि तुम्ही-आम्ही खातो.

मी म्हटलं, "बघते." आणि बूट समोर ठेवून बसले.

साळवेबाई हडपसरच्या. वडील कारखान्यात कामाला होते, आई अंगणवाडीत. घरात बुद्धवंदना आणि शिक्षण या दोन गोष्टींत कधी खंड पडला नाही, असं त्या सांगायच्या. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर त्या बरीच वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत होत्या. मग आमच्याकडे आल्या. मुलाखतीत लिमये सरांनी विचारलं, "तुम्हाला फील्डवर्कची सवय आहे का?" त्यांनी उत्तर दिलं, "माझं बालपण सगळं फील्डवरच गेलंय, सर. आमच्या घरामागूनच नाला वाहायचा." सर हसले. बाई हसल्या नाहीत.

ठेंगणा बांधा, सुती पंजाबी ड्रेस, ओढणीची कमरेला गाठ. स्कूटीच्या हुकाला गमबूट लटकवलेले. कुठलंही पाणी दिसलं की त्या ओंजळीत घेऊन आधी हुंगायच्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा येवो. ऑफिसच्या गाळलेल्या पाण्यालाही त्यांनी हा मान दिला होता, आणि त्यानंतर मी यंत्राची जाळी बदलून घेतली. 'लाभार्थी' हा शब्द त्यांना अजिबात चालायचा नाही. अहवालात दिसला की त्या खोडून 'माणसं' लिहायच्या. "लाभ झाला की लाभार्थी म्हणू. तोवर माणसं."

आम्ही जवळपास एकाच वयाच्या. रोज एकत्र डबा खायचो. पण शेवटपर्यंत त्या मला मराठेबाई आणि मी त्यांना साळवेबाईच म्हणत आले. एकमेकींना कधी अगं-तुगं केलं नाही. पुण्यात तशी गरजही पडत नाही.

आमचं सगळं काम परदेशी पैशावर चालायचं. म्हणजे तिकडच्या कुठल्यातरी सरकारनं इकडच्या नद्या-जंगलांसाठी बाजूला काढलेला पैसा, अनेक टेबलांवरून खाली येत आमच्यापर्यंत पोहोचायचा. परवानगी वेगळी, खातं वेगळं, दर तिमाहीला हिशेब. आणि त्यांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर छापलेलं असायचं की हा निधी 'विकसनशील देशांतील पर्यावरणाच्या संरक्षणासाठी' आहे. एकदा डबा खाताना साळवेबाईंनी ते पत्र माझ्यासमोर धरलं.

"विकसनशील म्हणजे काय हो, मराठेबाई?"

"तुम्ही सांगा."

"ज्यांची अजून घाण करून संपलेली नाही असे."

मी विचारलं, एवढं आहे तर त्यांचे पैसे का घेता? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "न घ्यायला काय झालं? त्यांच्या चिमण्यांचा धूर काही त्यांच्या हद्दीत थांबला नाही. मला घ्यायची लाज वाटत नाही. मला फक्त दाखवायची लाज वाटते."

दाखवणं म्हणजे व्हिजिट. पैसे देणाऱ्या फंडाची माणसं वर्षातून एकदा काम बघायला यायची. व्हिजिट ठरली की संस्थेत लग्नघर व्हायचं. कुठल्या वाटेनं न्यायचं, कुणी काय बोलायचं, जेवण कुठे, चहा कुठे. लिमये सर आदल्या दिवशी स्वतः तो रस्ता चालून यायचे आणि जिथली झाडं जगली असतील तिथून वाट आखायचे.

साळवेबाईंच्या पहिल्याच व्हिजिटला हे सगळं कोसळलं. तेव्हा आमचं टेकडीवर झाडं लावायचं काम होतं. पाहुणे गाडीतून उतरले, सर त्यांना डावीकडे वळवू लागले, तर साळवेबाई उजवीकडे चालू लागल्या. पाहुणे त्यांच्या मागे गेले, कारण बुटांवरून त्याच कामाच्या वाटत होत्या. उजवीकडे सगळी वाळलेली रोपं. ओळीच्या ओळी, काठीसारख्या. साळवेबाईंचं इंग्रजी सरळ, अडखळत नाही आणि सजतही नाही. त्या म्हणाल्या, "ही मेलेली आधी बघून घ्या. जगलेली तुम्हाला नंतर सर दाखवतीलच."

मग त्यांनी कारण सांगितलं. फंडाचा नियम असा की वर्षाचा पैसा वर्ष संपायच्या आत संपवायचा. म्हणून रोपं उन्हाळ्याच्या तोंडावर लावली. टँकरनं पाणी घातलं आणि पैसा वेळेत संपवला. झाडंही वेळेत संपली. "तुमचं वर्ष आणि आमचा पाऊस यांची गाठ पडत नाही," असं त्यांनी पाहुण्यांना तोंडावर सांगितलं.

सर भयंकर चिडले. पण नंतर फंडाचं पत्र आलं. लागवडीचा पैसा पावसापर्यंत राखून ठेवायला परवानगी. सरांनी ते पत्र फ्रेम करून लावलं आणि पुढच्या प्रत्येक भाषणात 'आम्ही नियम बदलायला लावला' असं सांगितलं.  साळवेबाईंना त्यातून एवढंच मिळालं की खरं बोललं की ऐकतात. मला वाटतं, हेच त्यांना पुढे महागात पडलं. एकदा जमलेली गोष्ट दर वेळी जमते असं नसतं.

मांजरीचं काम त्यानंतरचं. उसाच्या शेतांमधून एक ओढा येतो. वरच्या बाजूला एकामागून एक सोसायट्या झाल्या आणि त्यांचं सांडपाणी त्यात उतरायला लागलं. साळवेबाईंचं म्हणणं, ओढ्यालगत दगड-खडीचे चार मोठे वाफे करायचे, त्यात कर्दळ, पाणकणीस आणि वाळा लावायचा आणि घाण पाणी त्यातून हळूहळू जाऊ द्यायचं. मुळांवर वाढणारे जीव ती घाण खातात. यंत्र नाही की वीज नाही. फक्त झाडी वाढू द्यायची आणि पाऊस ओसरल्यावर एका वेळी एकच वाफा कापायचा. चारही एकदम कापले की काम थांबलं.

जागा दिली जगन्नाथ आण्णांनी. गावातलं जुनं शेतकरी घर. ओढ्याकाठची पट्टी त्यांची. पहिल्यांदा बोलणी करायला मी आणि साळवेबाई दोघी गेलो होतो. ओसरीवर बसलो. आतून चहा आला. मला कपबशी, आण्णांना कपबशी, साळवेबाईंना कागदी कप.

मी बघितलं. साळवेबाईंनीही बघितलं. त्यांनी आडनाव सांगितल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी तो कप उचलला नाही. शांतपणे म्हणाल्या, "आण्णा, मला कागदाच्या कपात चहा लागत नाही. आतला एक कप द्यायला सांगा. घाई नाही, मी थांबते."

 आण्णा मिशीवरून हात फिरवत राहिले. मग आत बघून ओरडले, "अगं ए, कप आण की! पाव्हण्याला असला कप देत्यात व्हय?"

सुमनकाकू, त्यांची बायको, कप घेऊन आल्या.  साळवेबाईंनी चहा घेतला, कप स्वतः विसळायला मोरीपाशी नेला नाही, तिथेच बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "छान होता. आता पट्टी दाखवता?" परत येताना मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "मराठेबाई, जागा मिळाली ना? मग झालं." त्यानंतर त्या घरात कागदी कप कधी दिसला नाही. आण्णा त्यांना ताई म्हणू लागले, आणि चिडवूही लागले.

"ताई, अवो घान धुवायला गवत लावलंय तुमी. आमी आजवर गवत उपटायला मान्सं लावली."

"मग माणसं वाचली की तुमची. त्याचे पैसे मला द्या."

वाफे वर्षभरात भरले. कर्दळीला लाल-पिवळी फुलं आली. खालच्या तोंडातून निघणारं पाणी साळवेबाईंनी हुंगलं, परत हुंगलं, मला हुंगायला लावलं. मला त्याला मातीचा वास आला. "बस, एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी फार वेळा बघितलेलं नाही. लिमये सरांनी लगेच पुढच्या टप्प्याचा अर्ज केला. असेच वाफे ओढ्यावर आणखी ठिकाणी. फंडाच्या बाई स्वतः बघायला येणार ठरलं. पुढचा टप्पा त्या व्हिजिटवर अवलंबून होता, आणि आमचे सगळ्यांचे पगार त्या टप्प्यावर.

व्हिजिटच्या दिवशी आम्ही मांजरीला पोहोचलो तेव्हा बांधावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. वाफ्यांच्या कडेचे दगड एक चुन्यानं, एक गेरूनं रंगवलेले. रांगोळी. पितळी तांब्यांत कर्दळीची फुलं. आणि चारही वाफे मोकळे, लख्ख. एक पान शिल्लक नव्हतं. नुसती धुतलेली खडी उन्हात चमकत होती.

साळवेबाई जागीच थांबल्या.

सुमनकाकू पदर सावरत पुढे आल्या. मागे त्यांच्या बचत गटातल्या बायका, सगळ्या नव्या साड्यांत. "ताई, कालपास्नं करतोय आमी. पाव्हनी येनार म्हनल्यावर एवढं रान ठिवायचं व्हय? साप-किरडू निघालं असतं म्हंजी?"

पाहुणा येणार म्हणून अंगण झाडायचं, हे या बायकांच्या हातात जन्मापासून आहे. त्यांनी झाडलं. आणि आण्णांनी त्यावर कडी केली होती. झाडी गेल्यावर पाण्याला वास येऊ लागला, तर पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून त्यांनी ओढ्याचं तोंड पोत्यांनी बंद करून स्वतःच्या विहिरीची मोटर वाफ्यात सोडली होती. खालच्या तोंडातून आरशासारखं पाणी पडत होतं.

फंडाच्या बाई खूश. कपाळाला कुंकू, हातात फूल, फोटोवर फोटो. एका बाटलीत त्यांनी ते पाणी भरूनही घेतलं. लिमये सर साळवेबाईंच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "देवानंच वाचवलं. आता काही बोलू नका."

मी शेजारीच होते. मला सर बरोबर वाटले. नंतर झाडी परत लावता आली असती, पैसे परत येणार नव्हते. शिवाय समोर आण्णा उभे होते, नवं धोतर, फेटा, चेहऱ्यावर घरच्या कार्याचा आनंद. खरं बोलणं म्हणजे त्यांच्याच जागेत त्यांचा अपमान.

साळवेबाईंनी बूट चढवले. फंडाच्या बाईंना म्हणाल्या, "माझ्याबरोबर या." आणि त्यांना बांधामागे घेऊन गेल्या. तिथे उपटलेल्या पाणकणसाचा आणि कर्दळीचा ढीग होता, मुळं वर, अजून ओला.

"तुम्ही जे बघितलंत ते विहिरीचं पाणी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ओढा पलीकडे बंद केलाय. वाफे आज मेलेले आहेत. यांनी हे तुमचा मान राखायला केलं. घरात पाहुणा आला की आम्ही असंच करतो. चूक यांची नाही, माझी आहे. मी प्रशिक्षणं घेतली ती जमिनीच्या मालकांची. त्यांच्या सह्या घेतल्या, फोटो काढले, तुम्हाला पाठवले. पण झाडायचं काम ज्यांच्या हातात आहे त्यांना मी कधी सांगितलंच नाही की हे झाडायचं नसतं."

फंडाच्या बाईंनी बाटलीकडे बघितलं. मग बाटली हळूच पिशवीत ठेवली. त्या सभ्य होत्या. आभार मानले. प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. बायकांशी हात मिळवले. आण्णांना इंग्रजी कळत नव्हतं, ते शेवटपर्यंत हसत होते. जेवणाला पुरणपोळी होती. साळवेबाईंनी आग्रहानं दोन खाल्ल्या.

पुढचा टप्पा मिळाला नाही. पत्रात दोन कारणं होती. एक, स्थानिक तयारी कमी दिसते. दोन, तिकडे सरकार बदललं, आणि नव्या सरकारनं असा खर्च आखडता घ्यायचं ठरवलंय. यातलं खरं कारण कुठलं, कोण जाणे. सरांनी पहिलं धरलं आणि साळवेबाईंशी बोलणं बंद केलं. मी दुसरं धरते, कारण त्याच सुमारास आमच्यासारख्या आणखीही संस्थांना अशी पत्रं आली होती. पण राग मला आला होता, आणि थोडा आजही आहे. माझ्या मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी तेव्हा भरायची होती. साळवेबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. रागवा." मग डब्यातली वांग्याची भाजी माझ्या ताटात वाढली. 

पगार थांबले. एकेक जण गेला. साळवेबाई परत कॉलेजात तासिकांवर लागल्या. आणि रविवारी मांजरीला जाऊ लागल्या. या वेळी ओसरीवर नाही, थेट सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरात. काकू भाकरी थापायच्या आणि साळवेबाई शेजारी बसून पाण्याचं सांगायच्या. आधी मुळांचं, मग मुळांवरच्या जिवांचं. सुमनकाकूंनी विरजणावरून ते लगेच धरलं. "म्हंजी इरजान समदं काढून घ्यायचं न्हाय, थोडं ठिवायचं. आसंच ना?" साळवेबाईंनी ही गोष्ट मला फोन करून सांगितली. एवढी चांगली तुलना त्यांच्या सगळ्या प्रशिक्षणांत कुणाला सुचली नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही.

व्हिजिटच्या दुसऱ्याच दिवशी त्या ढिगातली जगण्यासारखी मुळं वेचून त्यांनी ओढ्याकाठच्या चिखलात खोचून ठेवली होती. त्यांतूनच वाफे परत लावले.

गणपती झाल्यावर एका रविवारी मी मांजरीला गेले. अहवालाच्या त्या वाक्याखाली कामाच्या प्रमुख म्हणून साळवेबाईंची सही हवी होती. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, हातात विळा. शेजारी सुमनकाकू, साडीचा काचा मारलेला. साळवेबाईंनी पुढच्या कणसाला हात घातला तर काकू खेकसल्या, "ताई, त्ये न्हाय! त्याला अजून येळ हाय. किती येळा सांगायचं?"

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हंत्यात आन् परत तितंच हात."

साळवेबाई खूप हसल्या. मग बाहेर आल्या, ओढणीला हात पुसून कागद वाचला.

"'सुरू आहे.' कोण चालवतंय ते यात कुठे आहे?"

"फंडाला नाव नको असतं. 'स्थानिक लोक' पुरतं."

"स्थानिक लोक म्हणून कुणी नसतं, मराठेबाई. सुमनकाकू आहेत, आणि त्यांचे गुडघे दुखतात. गटातल्या दोघी आहेत, त्या आल्या तर येतात. आण्णांचा मुलगा पट्टी विकायचं म्हणतोय. हे लिहा, मी सही करते."

"एवढं लिहायला जागा नाही."

"मग जागा मागा."

सही केली नाही. बूट काढून माझ्या हातात दिले, "ऑफिसात टाका, आई ओरडते." पायात चपला घातल्या, कापलेल्या पाणकणसाची एक मोळी स्कूटीच्या पायापाशी आडवी ठेवली. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, कॉलेजात मुळं दाखवायची आहेत. मोळीची दोन्ही टोकं बाहेर आलेली, ओल्या सलवारीतून पाणी गळतंय, अशा त्या निघाल्या. कोपऱ्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. त्याला जायला वाट देऊन, मोळी सांभाळत, एक पाय जमिनीला टेकवून थांबल्या होत्या. ट्रॅक्टर गेल्यावर बघितलं तर कोपरा रिकामा होता. मी त्यांना बघितलं ते तेवढंच शेवटचं.

आज संध्याकाळी भिंतीची भोकं बुजवून झाली. लॅपटॉप तसाच उघडा होता. वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग लॅपटॉप बंद करून, बूट घेऊन घरी आले. नवरा म्हणाला, "हे काय आणलंस?" म्हटलं, "सकाळी लागणार आहेत."

१५ मार्च, रविवार. सकाळी मी गाडी काढली आणि मांजरीला गेले. सुमनकाकू वाफ्यापाशीच होत्या, कमरेवर हात देऊन. माझ्या हातातले बूट त्यांनी ओळखले. पदर तोंडाला लावला. मी बूट चढवले. मला एक बोट तोकडे होतात, पण चालतात.

"या म्याडम, फुलं दावते," त्या म्हणाल्या. "पैला वाफा लई झ्याक झालाय."

"फुलं नंतर, काकू. मेलेलं आधी दाखवा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चौथ्या वाफ्याकडे चालू लागल्या. तो पार बसला होता. तोंडाशी प्लास्टिकचा लगदा, खडीवर काळी साय, झाडी तपकिरी. मी आत उतरून त्याचा फोटो घेतला. मग तिसऱ्याचा, तो अर्धा जिवंत. मग दोन आणि एक. बांधावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहिलं, की चारातले अडीच वाफे चालू आहेत, ते सुमनबाई आणि दोन बायका बिनपगारी चालवतात, जागा विकली जाण्याची शक्यता आहे, आणि ओढा स्वच्छ झालेला नाही. दिलेल्या जागेत ते मावेना, म्हणून खाली जोडपत्र लावलं. फोटोंमध्ये पहिला चौथ्या वाफ्याचा. साळवेबाईंच्या सहीच्या जागी माझी सही केली आणि पाठवून दिलं.

लिमये सरांचा फोन वाजत होता. हात चिखलाचे होते. काकू लगद्याचं एक टोक धरून ओढत होत्या, मी दुसरं धरलं.